सातवीचा पट, सातवीचा निकाल

दहावीचा निकाल लागला की आठवडाभर टक्केवारीचा पाऊस पडतो. कोणता विभाग पहिला, मुलींनी यंदाही बाजी मारली का, कोणत्या शाळेचा निकाल शंभर टक्के, सगळं छापून येतं. सातवीच्या वाट्याला यातलं काही येत नाही. एके काळी येत असे. मुंबई इलाख्यात सातवीला ‘व्हर्नाक्युलर फायनल’ असायची आणि ती पास झालेल्याला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळायची. ‘आमचे आजोबा फायनल होते’ असं अजूनही काही घरांत अभिमानाने सांगतात. आता सहावी, सातवी, आठवी हे वर्ग दोन आवाजांच्या मध्ये सापडले आहेत. खाली पहिलीच्या प्रवेशाची धावपळ, वर बोर्डाच्या परीक्षेची. मधल्या तीन वर्षांत मूल काय शिकलं, याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

खरं तर घसरण सुरू होते ती इथेच. गणितात अपूर्णांक आणि बीजगणित येतं, विज्ञानात नुसत्या पाठांतराने भागत नाही, भाषेत धडा वाचून स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. चौथीपर्यंत वाचन कच्चं राहिलेलं मूल इथे पहिल्यांदा उघडं पडतं. आणि तरीही ते नापास होत नाही. २०१०च्या राज्य शासनाच्या आदेशानुसार या वर्गांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सातवी-आठवीला चाळीस टक्के भार वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाला आणि साठ टक्के सत्राअखेरच्या संकलिताला असतो. गुणपत्रकावर अ-१पासून श्रेणी येतात. आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचं नाही, ही शिक्षण हक्क कायद्यातली तरतूद केंद्राने २०१९मध्ये शिथिल केली आणि महाराष्ट्राने २०२३मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात. सहावी-सातवी मात्र तशीच सुटली आहे.

त्यामुळे जिल्हा परिषदेची एखादी सातवी-आठवीपर्यंतची शाळा चांगली की वाईट, हे ठरवायला गावात दोनच मापं उरतात. पहिलं, फलकावर रंगवलेली शिष्यवृत्तीधारकांची नावं. दुसरं, पटसंख्या. ‘पट टिकून आहे म्हणजे शाळा चांगली’ आणि ‘पट गळाला म्हणजे शाळा बिघडली’, असा सरळ हिशेब लोक मांडतात.

शिष्यवृत्तीच्या फलकाबद्दल एवढंच सांगतो की, त्यावर यशस्वी मुलांचा आकडा असतो. वर्गात किती मुलं होती आणि त्यातली किती परीक्षेला बसवली, हे नसतं. आठवीतल्या मुलांसाठी केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांची परीक्षा आहे, तिला शिक्षक एनएमएमएस म्हणतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेतलं हवं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. योजना चांगली आहे आणि काही शाळांतले गुरुजी सुट्टीच्या दिवशीही मुलांचा सराव घेतात. पण तिच्यावरून कळतं ते वर्गातल्या वरच्या चार-सहा मुलांबद्दल. मागच्या बाकांवरची वीस मुलं त्या फलकावर कधीच दिसत नाहीत.

पट नुसता मोजायचा नसतो, तो वाचायचा असतो. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या कपाटातलं जनरल रजिस्टर उघडावं लागतं. कोणत्याही अहवालापेक्षा मला ते जास्त बोलकं वाटतं. रकाने ठरलेले असतात: अनुक्रमांक, मुलाचं नाव, आईचं नाव, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख अक्षरी व अंकी, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, कारण, शेरा. ‘वर्तणूक’मध्ये जवळजवळ सगळीकडे ‘चांगली’ असतं, ते सोडून द्या. ‘आधीची शाळा’, ‘मातृभाषा’ आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ हे तीन रकाने एकापुढे एक वाचत गेलं की शाळेचं सगळं समाजशास्त्र हाती येतं.

मातृभाषेपासून सुरुवात करू. मेळघाटात तिथे कोरकू दिसेल, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, तांड्यावरच्या शाळेत गोरमाटी. शाळेचं माध्यम मराठी, पुस्तकं बालभारतीची. पुण्यातल्या सातवीतल्या मुलाला विज्ञानाचा धडा समजतो तेव्हा तो फक्त विज्ञान शिकत असतो. इथला मुलगा त्याच धड्यात दुसऱ्या भाषेतून विज्ञान शिकत असतो. दोघांना एकच प्रश्नपत्रिका देऊन गुणांची तुलना केली तर कोणाचा गुरुजी चांगला, हे त्यातून कळणार नाही.

‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात बहुतेक वेळा दोनच वाक्यं आलटून पालटून असतात: ‘पुढील शिक्षणासाठी’ आणि ‘पालकांच्या विनंतीवरून’. कारण कळत नाही, पण तारखा कळतात. पाचवीच्या तोंडावर नोंदींची रांग लागलेली असते. महाराष्ट्राची जुनी रचना पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी. कायद्याची रचना पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी. दोन्हींच्या सांध्यावर गळती होते. पाचवीपासून दहावीपर्यंतचं अनुदानित हायस्कूल तालुक्याला असतं, तिकडे ज्यांना एसटीने जाणं जमतं ती मुलं जातात. पाचवीतल्या परीक्षेतून काही जण नवोदय विद्यालयात जातात. तिथे सहावीला जास्तीत जास्त ऐंशी जागा असतात आणि त्यातल्या किमान पंच्याहत्तर टक्के ग्रामीण मुलांना. आदिवासी भागात एकलव्य निवासी शाळा सहावीपासून मुलं घेते. ज्यांच्या घरात फीपुरते पैसे आहेत ती आधीच इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसलेली असतात. आणि त्यातही मुलगा इंग्रजीत, मुलगी जिल्हा परिषदेत अशी घरं कमी नाहीत.

याचा आकड्यावर काय परिणाम होतो ते पाहू. समजा, पाचवीत तीस मुलं आहेत आणि त्यांची गणितातली सरासरी बावन्न गुणांची आहे. वरची सहा मुलं, सरासरी ऐंशी गुणांची, सहावीला दुसरीकडे गेली. उरलेल्या चोवीस मुलांची सरासरी पंचेचाळीसवर येते. फळा तोच, बाई त्याच, एकाही मुलाचं गणित बिघडलेलं नाही. तरी शाळा एका उन्हाळ्यात सात गुणांनी ‘घसरली’. ती सहा मुलं जिथे गेली तिथली सरासरी वाढली असेल, तर ती शाळाही काही न करता सुधारली.

शाळा चांगली की तिथली मुलंच वेगळी, हा प्रश्न काही आपल्यालाच पडलेला नाही. अमेरिकेत १९६६मध्ये जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध अहवाल आला. सुमारे चार हजार शाळा, सुमारे सहा लाख विद्यार्थी. सरकारची अपेक्षा होती की, इमारती, ग्रंथालयं, प्रयोगशाळा यांतल्या फरकामुळे निकाल वेगळे लागतात असं दिसेल. दिसलं ते भलतंच: मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी आणि वर्गात सोबतीला कोण आहे याच्याशी जास्त जोडलेला होता. तेव्हापासून ‘शाळेने काय फरक पडतो?’ असं म्हणणाऱ्यांना एक हत्यार मिळालं. पण १९८३मध्ये हेनेमन आणि लॉक्सली या दोघांनी श्रीमंत आणि गरीब मिळून एकोणतीस देशांची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा चित्र पालटलं. देश जितका गरीब, तितका शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा. ज्या घरात शब्दकोश नाही, शिकवणी नाही, वाचणारी आई नाही, त्या घरातल्या मुलाला जे काही मिळतं ते शाळेतूनच. आपल्याकडे कोलमनचं नाव घेताना ही पुढची ओळ सहसा गाळली जाते.

भारतातला सगळ्यात स्वच्छ पुरावा तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशातून आला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २००८पासून पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत एक प्रयोग केला. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या पालकांना खासगी शाळा हवी होती, त्यांच्यात चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं त्यांची फी प्रकल्पाने भरली. एरवी खासगी शाळेतली मुलं सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा बरीच पुढे दिसत. पण चिठ्ठीने गेलेली आणि चिठ्ठीने राहिलेली मुलं चार वर्षांनी ताडून पाहिली, तर तेलुगू आणि गणितात काहीही फरक नव्हता. म्हणजे आधी दिसणारा फरक शाळेचा नव्हता, शाळेत जाणाऱ्या घरांचा होता. हिंदी मात्र खासगीतल्या मुलांना जास्त आली, कारण त्या शाळा तेलुगू-गणिताचा वेळ थोडा कमी करून तो हिंदीसारख्या विषयांना देत होत्या. आणखी एक गोष्ट सरकारी शाळांच्या कैवाऱ्यांना टोचेल: खासगी शाळा हे सगळं सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात करत होत्या. प्रयोग प्राथमिक वर्गांचा आहे, म्हणून तो सातवीला जसाच्या तसा लावू नये. पण इंग्रजी शाळेच्या गाडीकडे बघून आपल्या शाळेला नावं ठेवण्याआधी तो आठवायला हरकत नाही.

आता पटातला असा एक घटक, ज्याला यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसंकलनाच्या, अर्जात नीटसा रकाना नाही. यू-डायसमध्ये मुलाचा सामाजिक प्रवर्ग, लिंग, दारिद्र्यरेषेखालील आहे का, दिव्यांग आहे का, हे भरलं जातं. २०२२-२३पासून तर शाळेची एकत्रित बेरीज न मागता प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद मागतात. पण आईवडील वर्षातले किती महिने गावात असतात?

बीड जिल्ह्यातलं पाटोदा, आष्टी, धारूर, गेवराई घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ट्रक आणि ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सातवीतला मुलगा वाढ्याच्या मोळ्या बांधतो, सातवीतली मुलगी कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते. परततात ते मार्च-एप्रिलमध्ये, गाळप संपल्यावर. शासन त्यासाठी हंगामी वसतिगृहं चालवतं, म्हणजे मूल आजीकडे किंवा नातलगाकडे राहावं आणि दोन वेळचं जेवण शाळेतून मिळावं. जे मूल आईबापांबरोबर जातंच, त्याला शिक्षण हमी कार्ड देतात, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावं. ही सोय कागदावर नेटकी आहे. फडावरून शाळा किती लांब आणि पहाटे आईबाप उसात गेल्यावर लहानग्याला कोण बघणार, हे कार्डात लिहिलेलं नसतं.

त्या गावच्या सातवीचं हजेरीपत्रक बघितलं की जुलै-ऑगस्टमध्ये हजर खुणांची गर्दी आणि नोव्हेंबरनंतर ‘गै’ची लांबच लांब रांग दिसते. एप्रिलमध्ये मूल परत येतं ते थेट दुसऱ्या सत्राच्या संकलित चाचणीला. जो पेपर ते देतं त्याचा अर्धा अभ्यासक्रम त्याच्या गैरहजेरीत होऊन गेलेला असतो. त्याचे गुण मात्र शाळेच्या सरासरीत धरले जातात.

कोणाला मोजलं, हा प्रश्न देशपातळीवरच्या पाहण्यांनाही सुटलेला नाही. सरकारी सर्वेक्षण शाळेत होतं. २०२१चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबरला झालं, ‘परख’चं ४ डिसेंबर २०२४ला, तिसरी, सहावी आणि नववीसाठी. त्या दिवशी वर्गात जी मुलं हजर त्यांचीच परीक्षा, आणि आपल्याकडे तो ऐन तोडणीचा हंगाम. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५पासून उलट बाजूने जाते. तिचे स्वयंसेवक गावातल्या घरांत जातात आणि मूल शाळेत जात असो वा नसो, त्याला ओसरीत बसवून एक कागद देतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. बस्स, एवढंच. २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्क्यांनाच तो भागाकार जमला. ही अर्थातच मूलभूत कौशल्यांची चाचणी आहे, सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमाची नव्हे. आणि ती शहरात होत नाही. पण वर्गातल्या मागच्या बाकांबद्दल जेवढं ती सांगते, तेवढं कोणतंच गुणपत्रक सांगत नाही.

हीच पाहणी पटाबद्दलही एक गंमत दाखवते. ग्रामीण भागात सहा ते चौदा वयाची सरकारी शाळेतली मुलं २०१८मध्ये ६५.६ टक्के होती, करोनानंतर २०२२मध्ये ७२.९ टक्के झाली, २०२४मध्ये पुन्हा ६६.८वर आली. सरकारी शाळा चार वर्षांत एकदम सुधारल्या आणि दोन वर्षांत बिघडल्या, असं कोणी म्हणणार नाही. घरातली मिळकत आटली, फी परवडेना, मुलं गावच्या शाळेत आली. हात मोकळा झाला, परत गेली.

मग शाळेचं श्रेय मोजायचं कसं? एक बरा उपाय आहे: मूल कुठे आहे हे न बघता ते कुठून कुठे गेलं हे बघायचं. महाराष्ट्रात पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी आणि पुढे संकलित चाचण्या घेतल्या जातात. समजा, एका शाळेत जुलैत सरासरी ७२ होती, एप्रिलमध्ये ७५ झाली. दुसरीत ३१ची ४४ झाली. गावकरी पहिल्या शाळेला चांगली म्हणतील. काम दुसरीत झालं आहे. अट एकच की, दोन्ही वेळा तीच मुलं मोजलेली हवीत. मधल्या काळात सोडून गेलेली आणि नव्याने आलेली वगळली नाहीत तर हा हिशेबही फसवा ठरतो. आणि पायाभूत चाचणीत मुद्दाम कमी गुण टाकण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांच्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत काय बोललं जातं ते इथे न लिहिलेलं बरं.

दुसरी अडचण लहान आकड्यांची. वाडी-वस्तीवरच्या शाळेत सातवीत बारा मुलं असतात. एक मूल म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. नऊ जणांना जमलं तर पंच्याहत्तर टक्के, दहा जणांना जमलं तर त्र्याऐंशी. एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला की शाळा तालुक्याच्या यादीत दहा क्रमांक खाली. अशा याद्यांत सर्वांत वर आणि सर्वांत खाली नेहमी लहान शाळाच दिसतात, आणि दर वर्षी वेगळ्या. केंद्रप्रमुखांनी त्यावरून कोणाचा सत्कार करू नये आणि कोणाला नोटीसही देऊ नये.

गरीब घरची मुलं आहेत म्हणून निकाल तसाच राहणार, असा याचा अर्थ कोणी काढला तर त्याला मुंबईचं उदाहरण द्यावं लागेल. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज काही वेळ वर्गाबाहेर काढून, वस्तीतल्याच एका तरुणीकडे, ‘बालसखी’कडे, दिली गेली. ती त्यांना इयत्तेचं पुस्तक न शिकवता, त्यांना जे येत नाही ते शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं, तेव्हा गुणांत ठळक वाढ दिसली आणि ती प्रामुख्याने मागच्याच मुलांची होती. घरं तीच होती, झोपडपट्टी तीच होती. सातवीत ही गरज कमी होत नाही, वाढते; फक्त वेळापत्रकात तिला जागा राहत नाही, कारण तोवर अभ्यासक्रम संपवण्याची घाई लागलेली असते.

पट हा सत्तेचाही आकडा आहे, हे विसरून चालत नाही. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, पोषण आहाराचं धान्य ठरतं, सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज दीडशे ग्रॅम तांदूळ. म्हणून कागदावर मुलं वाढवण्याचे प्रकार झाले. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यात सलग तीन दिवस पटपडताळणी झाली. एकाच मुलाला दोन शाळांत उभं करता येऊ नये म्हणून मतदारांसारखी मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. पटावर असलेली पण वर्गात कधीच नसलेली लाखो नावं सापडली. ज्या शाळांत असं झालं तिथली आधीची सगळी टक्केवारी, हजेरीची, गळतीची, निकालाची, चुकीच्या भाजकाने भागलेली होती.

पण आताचा प्रश्न उलट आहे. कायद्यानुसार सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा आणि पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात पदं संचमान्यतेतून, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर याच्या सरकारी हिशेबातून, ठरतात आणि ती पटावरून होते. सहावीतून चार मुलं हायस्कूलला गेली, दोन इंग्रजीला गेली, की गणिताच्या शिक्षकाचं पद अतिरिक्त ठरण्याची पाळी येते. त्यांचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं, गणित भाषेच्या बाईंकडे येतं. वर्षभरात सातवीचं गणित कच्चं पडतं, ते पालकांच्या लक्षात येतं, आणि ज्यांना जमण्यासारखं आहे ते जूनमध्ये दाखला मागायला येतात. मुख्याध्यापक रजिस्टरमध्ये लिहितात, ‘पालकांच्या विनंतीवरून’. ३० सप्टेंबरला पट पुन्हा मोजला जातो.